डॉक्टर जेव्हा कारखानदार होतो

ज्या मालाचे नाव गिऱ्हाईक मोठ्याने घेत नाही तो माल विकणे सर्वांत अवघड, हे कोणताही दुकानदार सांगेल. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा भरलेली कळशी उचलताना लघवीचे थेंब सुटणे हा स्त्रियांचा आजार याच जातीचा आहे. बाळंतपणे झालेल्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जगभर आढळतो. पण ती बाई तो नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, पुष्कळदा डॉक्टरलाही सांगत नाही. लग्नाला जाणे टाळते, लांबचा प्रवास टाळते, वजू टिकत नाही म्हणून मनातल्या मनात कुढते. आजारी माणसे लाखोंनी आणि मागणी मात्र डोळ्यांना दिसत नाही, असा हा विचित्र बाजार आहे.

पाश्चात्त्य देशांत या बाजारात जी साधने आली त्यांतील महत्त्वाची साधने डॉक्टरांच्या डोक्यातून निघाली. कारण उघड आहे. दार बंद करून ही गोष्ट ज्याच्यापाशी बोलली जाते तो डॉक्टरच. मागणी किती आहे आणि कशाची आहे हे त्याला व्यापाऱ्याच्या आधी कळते. मग कोणी यंत्र बनवतो, कोणी पेटंट घेतो, कोणी कंपनी काढतो. रोगी तपासणारा आणि माल विकणारा एकच माणूस झाला म्हणजे काय घडते, पैसा कुठून येतो आणि घोटाळा कुठे होतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी आजार थोडक्यात पाहू. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग हे सारे खालून स्नायूंच्या झोळीवर तोललेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, वयाबरोबर सैल पडते. खोकल्याने पोटातला दाब एकदम वाढला की मूत्रनलिकेला खालून टेकू मिळत नाही आणि लघवी सुटते. याला ताणाने लघवी सुटणे म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते आणि बाई मोरीपर्यंत पोहोचायच्या आत घात होतो. त्याचे औषधपाणी वेगळे. येथे मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल लिहिले आहे.

झोळी सैल झाली असेल तर तिला व्यायाम द्यावा, हा विचार अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली मांडला. आज हा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण केगल यांनी नुसता व्यायाम सांगितला नव्हता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. त्यांनी एक यंत्रही केले होते. योनीत बसेल अशी हवेची रबरी नळकांडी आणि तिला नळीने जोडलेला दाबमापक. स्नायू आवळला की काटा सरकायचा. आज काटा किती सरकला, गेल्या आठवड्यात किती होता, हे बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचे. तराजू नसलेल्या दुकानात वजनाचा अंदाज जसा चुकतो, तसा काट्याशिवाय हा व्यायाम चुकतो. पुढे व्यायाम जगभर पसरला आणि यंत्र मागे राहिले. सांगणे फुकट असते, यंत्राला पैसे पडतात. परिणाम काय झाला? १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना हा व्यायाम तोंडी समजावून तपासले, तेव्हा निम्म्यांहून कमी जणींना तो नीट जमला आणि चौथा हिस्सा स्त्रिया तर स्नायू आवळण्याऐवजी असा जोर करत होत्या की त्याने त्रास वाढावा.

व्यायामाला महिने लागतात. शस्त्रक्रिया म्हणजे पोट फाडणे, भूल आणि इस्पितळात मुक्काम. या दोहोंच्या मधली जागा रिकामी होती. ती भरून काढणाऱ्या मालाची कहाणी जरा विस्ताराने सांगावी लागेल, कारण या धंद्यातले सगळे बरेवाईट तिच्यात आहे.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियातील पर्थचे डॉ. पीटर पेट्रोस यांनी १९९० साली एक सिद्धांत मांडला. मूत्रनलिकेच्या मध्यभागी टेकू देणारे बंध सैल होणे हे दुखण्याचे मूळ, आणि तिथे बारीक पट्टी घातली तर शरीर तिच्याभोवती स्वतःच नवे तंतू विणून घेईल, असे त्यांचे म्हणणे. कापडाला अस्तर लावावे तशी ही कल्पना. कोणती पट्टी शरीर स्वीकारते यासाठी निरनिराळे धागे वापरून पाहिले गेले. शेवटी पसंती मिळाली ती पॉलिप्रोपिलीनच्या विणलेल्या जाळीला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक अशी जाळी १९६० च्या दशकापासून वापरत होते, म्हणजे माल नवा नव्हता, जागा नवी होती. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि दोन टोकांना दोन पोलादी सुया, एवढेच ते साधन. जागा बधिर करून अर्ध्या तासात काम उरकायचे आणि बाई बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जायची. तिचे इंग्रजी नाव आद्याक्षरांनी टी.व्ही.टी. असे रूढ झाले. पट्टी ओढून घट्ट करायची नाही, सैल ठेवायची, हा त्यातला खरा हुनर होता.

१९९६ साली उल्मस्टेन यांनी ७५ स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन वर्षांनंतर ८४ टक्के बऱ्या होत्या. १९९८ साली सहा केंद्रांतील १३१ स्त्रियांचा दुसरा वृत्तांत आला, त्यात वर्षानंतर ९१ टक्के बऱ्या. मोठ्या कंपन्यांचे लक्ष वेधायला एवढे पुरेसे होते. अमेरिकेच्या जॉन्सन अँड जॉन्सनने मेडस्कँड या स्वीडिश कंपनीशी १९९७ साली करार केला. या मेडस्कँडमध्ये उल्मस्टेन यांचे हितसंबंध होते. म्हणजे शोध त्यांचा, चाचणी त्यांची आणि विक्रीत वाटाही त्यांचा.

वाचकांपैकी जे भागीदारीत धंदा करतात त्यांनी या कराराची एक अट नीट वाचावी. ब्रिटिश मेडिकल जर्नल या प्रतिष्ठित नियतकालिकाने २०१८ साली ती उजेडात आणली. सहा केंद्रांच्या चाचणीचे निकाल आधीच्या ७५ स्त्रियांच्या निकालापेक्षा वाईट आले नाहीत तर मेडस्कँडला लाखो डॉलर्सची रक्कम मिळायची होती. चाचणी अजून पुरी व्हायची होती, आणि तिचा निकाल अमुक आला तर पैसे, असे कागदावर लिहिले होते. याचा अर्थ निकाल खोटे होते असा होत नाही. त्याच सुमाराच्या ९० रुग्ण स्त्रियांचा पाठपुरावा पुढे १७ वर्षे केला गेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणींची लघवी सुटत नव्हती. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये इतर डॉक्टरांनी ३४४ स्त्रियांवर जुन्या पोटाच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली, त्यातही पट्टी मागे पडली नाही. उल्मस्टेन २००४ साली वारले. त्यांच्या पट्टीने असंख्य स्त्रियांचा त्रास गेला हे खरेच आहे. पण सोन्याचा कस लावणाऱ्याला कस चांगला निघाल्यावरच बक्षीस द्यायचे ठरले असेल, तर सोने अस्सल असूनही त्या कसावर कोणी का विश्वास ठेवावा? सराफ कट्ट्यावरचा कोणीही याचे उत्तर देईल.

आता परवान्याची गोष्ट. अमेरिकेत वैद्यकीय साधनांचा कायदा १९७६ साली झाला. त्यात एक जवळचा रस्ता ठेवला आहे. बाजारात आधीपासून असलेल्या एखाद्या साधनाशी आपले साधन मूलतः सारखे आहे असे दाखवले तर माणसांवरील नव्या मोठ्या चाचणीशिवायही परवानगी मिळू शकते. टी.व्ही.टी.ला जानेवारी १९९८ मध्ये या रस्त्याने परवानगी मिळाली. सारखेपणासाठी ज्या मालाचा दाखला दिला तो होता बोस्टन सायंटिफिक कंपनीचा प्रोटेजेन नावाचा पट्टा, ज्याला १९९६ साली परवानगी मिळाली होती. हा पट्टा विणलेल्या पॉलिस्टरचा. तो स्त्रियांच्या अंगात झिजून बाहेर येऊ लागला आणि जानेवारी १९९९ मध्ये कंपनीनेच तो बाजारातून परत मागवला. ज्याची जामीनकी दिली तो स्वतःच बुडाला, पण ज्याला जामीन मिळाला होता त्याचा परवाना कायम राहिला. शिवाय पुढे टी.व्ही.टी.चा दाखला देऊन दुसऱ्यांचे पट्टे आले आणि त्यांचा दाखला देऊन तिसऱ्यांचे. पेढीच्या व्यवहारात हुंडीवर हुंडी चढत जावी तसे हे झाले. कायद्याने त्यात काही गैर नव्हते.

खरे नुकसान पुढे झाले. बारीक पट्टी चालते आहे असे पाहून कंपन्यांनी तोच धागा मोठ्या आकारात विकायला काढला. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरण्याच्या वेगळ्या आजारासाठी हाताच्या पंजाएवढ्या जाळ्या योनीमार्गे बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. जॉन्सन अँड जॉन्सनच्याच एथिकॉन कंपनीने प्रोलिफ्ट नावाची अशी जाळी २००५ साली बाजारात आणली, आणि तिला अमेरिकन प्रशासनाची रीतसर परवानगी मिळाली २००८ साली. मधली तीन वर्षे ती विकली जातच होती. एक सेंटिमीटरची पट्टी आणि पंजाएवढी जाळी यांत फक्त मापाचा फरक आहे असे विक्री करणाऱ्याला वाटते, शरीराला तसे वाटत नाही. जाळी आकसते, कडक होते, मऊ मांसातून बाहेर डोकावते. ती काढायची म्हटली तर काँक्रीटमधून सळई काढावी तसे काम. एकेका बाईला चार-चार, पाच-पाच शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि तरीही वेदना राहिल्या. लहान पट्टीनेही काही स्त्रियांना असाच त्रास झाला, हेही येथे सांगितले पाहिजे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला इशारा दिला, तेव्हा तीन वर्षांत हजाराहून अधिक तक्रारी आल्या होत्या. २०११ साली आकडा आणखी २,८७४ ने वाढला. एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गे बसवायच्या मोठ्या जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. लघवीसाठीची बारीक पट्टी मात्र अमेरिकेत चालू राहिली. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ पासून दोहोंच्याही वापराला कडक आवर घातला गेला आणि जुलै २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने अहवाल दिला, त्यात स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणी कानावरच घेतल्या नाहीत असा ठपका आहे. बाईने लाजून सांगितले नाही तेव्हा आजार दिसला नाही, आणि तिने धीर करून सांगितले तेव्हा तिचे ऐकले नाही.

खटल्यांचा हिशोब व्यापाऱ्यांनी जरूर पाहावा. अमेरिकेत सात कंपन्यांविरुद्ध लाखाहून अधिक दावे पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील एका केंद्रीय न्यायालयात एकत्र आले. तडजोडीपोटी कंपन्यांनी मिळून सुमारे आठ अब्ज डॉलर्स मोजले असा वृत्तपत्रांचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल एथिकॉनविरुद्ध गेला आणि २०२२ साली तीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्सची तडजोड झाली. कॅलिफोर्नियात राज्य सरकारनेच खटला भरला. तेथे जानेवारी २०२० मध्ये ३४ कोटी ४० लाख डॉलर्सचा दंड झाला, अपिलात तो ३० कोटी २० लाखांवर आला. त्या खटल्यात वाद माल चांगला की वाईट एवढाच नव्हता. मालाबरोबरच्या पत्रकात धोके पुरते लिहिले नाहीत, हा मुख्य आरोप होता. गिऱ्हाईकाला दोष सांगून विकलेला माल आणि दोष झाकून विकलेला माल यांत कायदा किती फरक करतो, हे त्या आकड्यावरून कळते.

कच्च्या मालाचीही एक उपकथा आहे, आणि ती प्लॅस्टिकच्या धंद्यातील आपल्या लोकांना चांगली समजेल. या जाळ्यांचे पॉलिप्रोपिलीन म्हणजे दोऱ्या, पिशव्या आणि बादल्यांचेच पॉलिप्रोपिलीन, फक्त दर्जा निराळा. चेव्हरॉन फिलिप्स या पुरवठादाराने २००४ साली आपल्या दाण्याच्या माहितीपत्रकात लिहून ठेवले की हा माल माणसाच्या शरीरात कायम बसवण्यासाठी वापरू नये. पुढे पुरवठा बंद झाल्यावर बोस्टन सायंटिफिकने २०११ साली तसाच दाणा चीनमधील मध्यस्थाकडून घेतला. अमेरिकन दूरचित्रवाणीने २०१८ साली हे प्रकरण गाजवले. कंपनीने आपण तपासण्या केल्या होत्या असे सांगितले आणि अमेरिकन प्रशासनालाही त्यात नवा धोका आढळला नाही. तरी पोत्यावर जे लिहिले आहे ते वाचून सही करण्याची सवय असावी, हे या प्रकरणावरून पटते.

या सगळ्या धुराळ्यानंतर काही डॉक्टर पुन्हा केगल यांच्या वाटेकडे वळले. शरीरात काही ठेवायचेच नाही, मोजायचे आणि काढून घ्यायचे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रामोन इग्लेसियस आणि त्यांच्या सहकारी योलांडा लोरिए यांनी लेवा नावाचे साधन विकसित केले. २०१६ साली मार्क बिअर या औषधधंद्यात मुरलेल्या व्यवस्थापकाबरोबर त्यांनी बॉस्टनमध्ये रेनोव्हिया ही कंपनी स्थापन केली. डॉक्टराकडे कल्पना, व्यवस्थापकाकडे बाजार, अशी ही भागीदारी. एकट्या डॉक्टराने दुकान मांडण्यापेक्षा ती शहाणपणाची म्हणावी लागेल. २०१८ साली या कंपनीने गुंतवणूकदारांकडून तीन कोटी डॉलर्सहून अधिक भांडवल उभे केले.

साधन साधे आहे. मऊ सिलिकोनची लहान पट्टी, तिच्या आत मोबाइल फोनमध्ये असतात तसले हालचाल ओळखणारे सूक्ष्म भाग. बाई ते आत बसवते आणि उभी राहून स्नायू आवळते. स्नायू वर उचलला की साधनाचा कोन बदलतो आणि तो फोनच्या पडद्यावर रेघेत दिसतो. केगल यांचा काटा दाब दाखवायचा, हे हालचालीची दिशा दाखवते. चुकीचा जोर केला तर रेघ खाली जाते, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. अडीच मिनिटे, दिवसातून दोनदा. शिवाय ते एकटीला घरी करता येते, आणि ज्या आजाराचे नाव घ्यायला बाई लाजते त्यासाठी ही सोय लहान नव्हे. अमेरिकन परवानगी २०१८ साली मिळाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६३ स्त्रिया होत्या. निम्म्यांना साधन दिले, निम्म्यांना घरी करायच्या व्यायामाची माहिती, आणि कोणाला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. आठ आठवड्यांनी साधनवाल्या स्त्रियांची सुधारणा जास्त होती. या चाचणीचा खर्च कंपनीनेच केला होता हेही ध्यानात ठेवावे, मात्र तसे लेखात छापले आहे.

एवढे सारे चांगले असूनही धंदा सोपा झाला असे नाही. अशा साधनाचे पैसे बाई खिशातून देणार की विमा कंपनी, यावर अमेरिकेत मालाचे भवितव्य ठरते. शस्त्रक्रियेचे पैसे द्यायला विमा कंपन्यांचे खाते उघडे असते, घरी करायच्या व्यायामासाठी ते उघडायला डॉक्टर, चाचण्या आणि अर्ज यांत वर्षे जातात. गुंतवणूकदाराचा धीर तेवढा टिकला पाहिजे. रेनोव्हियाचे नावही पुढे बदलून ॲक्सिना हेल्थ झाले. नुसत्या व्यायामाने गुण येतो याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही. २०१८ सालच्या जागतिक आढाव्यात ताणाने लघवी सुटणाऱ्या ज्या स्त्रियांनी रीतसर व्यायाम केला त्यांतील ५६ टक्क्यांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले, न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. यंत्र नसले तरी जाणकार बाईने एकदा तपासून स्नायू दाखवून दिला तर पुष्कळ काम होते.

आपल्याकडे सिलिकोन मोल्डिंग, बारीक सुया, विणकाम, पॅकिंग अशी कामे करणारे कारखाने आहेत आणि वैद्यकीय साधनांचे सुटे भाग करण्याच्या ऑर्डरी त्यांच्याकडे येऊ शकतात. त्यांनी नियम माहीत करून घ्यावेत. भारतात वैद्यकीय साधनांचे नियम २०१७ साली झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय साधने औषध कायद्याखाली आली. धोक्याच्या प्रमाणात ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. खालच्या दोन वर्गांचा निर्मिती परवाना राज्याकडे, वरच्या दोन वर्गांचा दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांकडे. ऑक्टोबर २०२३ पासून वरच्या दोन वर्गांनाही परवाना सक्तीचा झाला. सुटा भाग करणाऱ्याच्या नावे परवाना नसला तरी मूळ कारखानदाराला त्याच्या मालाचा हिशोब ठेवावा लागतो. कोणत्या पोत्यातला दाणा, कोणत्या दिवशी, कोणत्या साच्यात आणि कोणाच्या हातून, हे सारे त्याच्या वहीत असावे लागते. तेव्हा ऑर्डर घेताना दराआधी ही वही कोण ठेवणार आणि किती वर्षे जपणार, ते विचारून घ्यावे.